एक गुडघा सासऱ्यांचा, एक सुनेचा

माझ्या गुडघ्यांवरून ज्या घरात जेवणाच्या टेबलाशी अबोला धरला गेला, ते घर माझं नव्हतं. माझ्या घरात गुडघ्यांवरून फक्त आरडाओरडा व्हायचा, तोही जिन्यातून, कारण मी खाली असायचो आणि बायको वर.

असं का, ते आधी सांगतो. मी जिने करणारा सुतार. आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. एका दीपगृहाला मी असा वळणदार जिना करून दिला होता की चढणाऱ्याला पुढच्या वळणावर स्वतःचीच पाठ दिसायची. तिथला रखवालदार वाट मिळावी म्हणून रोज स्वतःलाच खाकरून दाखवायचा. एका सराफाकडचा जिना इतका बिनआवाजी निघाला की चोर दागिने घेऊन उतरला तरी आपण उतरलो हे त्याला कळेना. सकाळी सराफ येऊन बघतो तर हा तळाशी उभा राहून हवेत पाय टाकतोय. बायको म्हणते, तो सराफ नव्हता, भांडीवाला होता, आणि चोर नव्हता, मांजर होतं. असेल. जिना मात्र होता.

स्वतःच्या घरात मी जागा वाचवायला गेलो आणि जिना केला अरुंद आणि उभा. वर एकच खोली, आणि त्या खोलीत बायकोचा माग. ती शाली विणते. तो माग मी जिना होण्याआधी वरच, जागेवर बांधला. त्यात एक खिळा नाही. खाचेत खाच, आणि खाचेत सरस. तो जिन्यातून उतरत नाही, खिडकीतून निघत नाही. हलवायचाच म्हटलं तर करवत लावावी लागेल. संसारातल्या सगळ्या संध्याकाळी आमच्या अशाच गेल्या: ती मागावर, मी शेजारी स्टुलावर, आणि तोंडात थाप. माझ्या बोलण्याच्या ठेक्यावर धोटा बरा पळतो, असं तिचं म्हणणं. माझ्याविषयी एवढं चांगलं ती दुसरं काही बोललेली नाही.

मग गुडघे गेले. आधी कुरकुरले, मग हाडाला हाड घासायला लागलं, आणि एक दिवस मी तिसऱ्या पायरीवर बसलो तो मला खाली आणायला दोन शेजारी लागले. तेव्हापासून माझा मुक्काम खालच्या खोलीत, सोफ्यावर. सुरुवातीला बायको वर विणायची आणि मी खालून ओरडून गोष्टी सांगायचो. पण थाप ओरडून मारता येत नाही. आवाज चढवला की ती भाषण वाटते. हळूहळू बायकोच खाली येऊन बसायला लागली. मागावर चादर पडली. अर्धी विणलेली शाल तशीच त्याच्यावर. तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

शब्द काढला तो लेकीनं. "बाबा, तळमजल्यावरचा एक चांगला फ्लॅट आहे. मालक ओळखीचे आहेत, थंडी संपेपर्यंत थांबतो म्हणाले."

"आणि माग?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "लाकूडच तर आहे."

ज्या बाईनं माझ्या हातून त्या लाकडाचा तुकडा न् तुकडा तीनतीनदा बदलून घेतला होता, ती हे बोलली. मी लेकीला म्हटलं, "थंडी संपेपर्यंत मी तो जिना चढून दाखवला तर?"

"तर मी फ्लॅटचं नाव काढणार नाही. पण कुणाच्या खांद्यावर बसून नाही, स्वतःच्या पायांनी."

अशा रीतीनं मी माझे दोन्ही गुडघे घेऊन हॉस्पिटलात दाखल झालो.

तिथे हाडांचे डॉक्टर दोन. थोरले डॉक्टर म्हणजे सासरे, आणि धाकट्या म्हणजे त्यांची सून. सासऱ्यांचे हात फावड्याएवढे आणि बोलणं मोजकं. सून चणीनं लहान, चपळ, आणि सासऱ्यांचं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू. सासऱ्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलला.

"हे बघा. मांडीचा मोठा स्नायू असा खाली येतो, त्याचा इथे पट्टा होतो, आणि तो पट्टा गुडघ्याची वाटी धरून ठेवतो. मी पट्ट्याच्या कडेनं कापतो, वाटी बाजूला सारतो. सगळा सांधा समोर उघडा. काय करतोय ते दिसतं. नवा सांधा बसला की पट्टा शिवून टाकायचा."

"आणि पाय उचलायला माणसाला नेमका तोच पट्टा लागतो, बाबा," सून म्हणाली. "काका, मी पट्ट्याला हात लावत नाही. आतल्या बाजूनं स्नायूच्या पोटाखालून शिरते आणि स्नायू नुसता वर धरते. तो कापलेला नसतो, त्यामुळे पाय लवकर ऐकायला लागतो."

"आणि दिसतं काय? फटीतून घर झाडल्यासारखं."

"फट नाही, खिडकी आहे."

"जाड मांडीच्या माणसाला फटच."

"यांची मांडी कुठे जाड आहे?"

दोघांनी माझ्या मांडीकडे पाहिलं. मी जमेल तितकी ती चादरीत ओढून घेतली.

वरून दिसणारी चीर दोघांचीही लहानच, अगदी सारखी. भांडण होतं ते कातडीखाली. खोलीत तिसरे एक डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. ते यांचे चिरंजीव आणि हिचे यजमान. त्यांचं काम भूल देण्याचं, आणि मला वाटतं घरातही तेच असावं. ते हळूच म्हणाले, "मधला एक मार्ग आहे. स्नायूचे धागे थोडे सुटे करून त्यांच्यामधून..."

"तू भूल दे," दोघं एकदम म्हणाली.

मग माझ्यापुढे प्रस्ताव आला. दोन्ही गुडघे सारखेच बिघडलेला आणि अंगानं धडधाकट असा माणूस ते कधीपासून शोधत होते. हॉस्पिटलच्या समितीची परवानगी काढून ठेवलेली होती. एक गुडघा सासरे करणार, एक सून. कुणाचा कुठला, ते आत नाणं उडवून ठरणार. मला सांगायचं नाही, व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनाही नाही, म्हणजे कुणाचं मन एका बाजूला झुकायला नको. रोज मी दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्याचा आकडा सांगायचा. अजिबात दुखत नसेल तर शून्य, जीव जात असेल तर दहा. त्यावरून काय ते कळेल.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बायकोला ठसका लागला. तिनं तोंडावर रुमाल धरला.

"काय झालं, काकू?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. म्हणजे हे जे सांगतील, तेच तुम्ही खरं धरणार?"

"पेशंटचंच धरायचं असतं. त्याचं दुखणं त्यालाच ठाऊक."

"बरं," बायको म्हणाली, आणि तिनं रुमाल पुन्हा तोंडाकडे नेला.

शस्त्रक्रियेचं मला काही आठवत नाही. भूल देणारे डॉक्टर आपल्या कामात तरबेज होते. जागा झालो तर दोन्ही गुडघ्यांवर सारख्याच पट्ट्या, जुळ्या भावंडांना एकसारखे कपडे घालावेत तशा. पण भावंडांचे स्वभाव वेगळे निघाले. पुढच्या दिवशी उजव्याला मनातल्या मनात म्हटलं ऊठ, तर तो पलंगावरून सरळ वर. डाव्याला म्हटलं, तर तो ओंडक्यासारखा पडून. ऐकूच गेलं नाही जणू.

आता खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण माझी पंचाईत अशी, की मला दोघंही आवडायला लागली होती. सकाळी सासरे यायचे, माझं पाऊल आपल्या फावड्यात धरून थोपटायचे आणि जायचे. दुपारी सून यायची, पलंगाच्या कडेला बसून माझा दीपगृहाचा जिना ऐकायची आणि विचारायची, "मग रखवालदारानं वाट दिली का?" असा ऐकणारा माणूस रोज भेटत नाही. आणि भूल देणारे डॉक्टर हळूच सांगून गेले होते, की माझ्या गुडघ्यांवरून दोघांनी घरी जेवणाच्या टेबलाशी अबोला धरलाय. यांतल्या कुणाच्या घशाखाली माझ्यामुळे घास उतरू नये, हे मला पटेना. म्हणून मी दुखणं सारखं वाटून टाकलं. एक दिवस डावा दोन आणि उजवा सात, दुसऱ्या दिवशी उलट. नुसते आकडे कोरडे वाटतात म्हणून वर थोडी नक्षी. "उजव्यात कुणीतरी सुतारकाम काढलंय, ताई, आणि सुतार नवशिका आहे." किंवा, "डावा काल झोपेत गुणगुणत होता. सूर चांगला होता." ताई पाय उचलायला सांगायच्या, तेव्हा बरं असण्याची पाळी डाव्याची असली तर मी त्याला चादरीखालून उजव्या पावलानं वर ढकलायचो, आणि मग उजव्याला अर्ध्यावर रोखून चेहरा वाकडा करायचो. ताईंनी काढलेला माझ्या दुखण्याचा आलेख तुम्ही पाहायला हवा होता. मी केलेल्या कुठल्याही जिन्याला इतकी वळणं नव्हती.

मग जिन्याचा दिवस आला.

व्यायामाच्या मोठ्या खोलीत त्यांनी एक लाकडी जिना ठेवला होता. चार पायऱ्या वर, चार खाली, आणि वर काहीच नाही. कुठेही न पोहोचणारा जिना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. मी कठडा हलवून बघितला, एक सांधा ढिला होता तो ताईंना दाखवला, कोणी केला ते विचारलं.

"काका, जिना नंतर तपासा," ताई म्हणाल्या. माझ्या कमरेला त्यांनी रुंद पट्टा बांधला होता आणि तो मागून धरला होता. "नियम लक्षात ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सगळं अंग चांगल्या पायानं वर ओढायचं. आज कुठला चांगला?"

त्या दिवशी पाळी डाव्याची होती. "डावा," मी म्हटलं. "काल तर इतका खुशीत होता, की..."

"ठेवा डावा वर."

ठेवला. त्याच्यावर भार दिला, आणि मांडीतून काहीच आलं नाही. दार ढकलावं आणि पलीकडे खोलीच नसावी, तसं झालं. गुडघा दुमडला, मी बाजूला कललो, आणि ताईंनी पट्ट्याला हिसका देऊन मला छातीशी आवळून धरलं. खुंटीवरच्या कोटासारखा मी क्षणभर लोंबलो. लागलं काहीच नाही, पण मघाशी तपासलेल्या कठड्याला माझे हात असे चिकटले होते, की ताईंना एकेक बोट सोडवावं लागलं.

मला खुर्चीत बसवून ताई पाणी आणायला गेल्या. बायको समोरच बसली होती.

"लागलं?"

"नाही."

"बरं झालं. मी लेकीला करवत आणायला सांगणार होते."

मी कठड्यापासून सोडवलेली बोटं चोळत बसलो.

"इतकी वर्षं तुम्ही मला थापा मारल्या," ती म्हणाली, अगदी सावकाश, ताणा लावताना बोलते तशी. "मी एकीलाही हरकत घेतली नाही. त्या ऐकून कुणी पडत नव्हतं. आजच्या थापेवर तुम्ही स्वतः पाय ठेवलात." मग थोडं थांबून, "मला वर जायचंय हो. एकटीनं नाही जायचंय."

ताई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. उजवा पहिल्यापासून ऐकतोय, डावा ऐकत नाही, बाकी सगळी माझी कारागिरी. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला, आणि मग स्वतःच घेऊन पिऊन टाकला.

संध्याकाळी दोन्ही डॉक्टर एकत्र आले. मागे दाराशी भूलवाले.

"का केलंत असं?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमच्या घरी सगळ्यांना जेवण नीट जावं म्हणून."

दाराशी कुणीतरी हसू दाबलं. सून माझ्या पलंगावर बसली. "काका, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बरे होणार आहात का? खोट्या आकड्यावरून मी पुढच्या माणसाला काय सांगू?"

"आणि मी हरलो तरी मला जेवण जातं," सासरे म्हणाले. "हिला विचारा."

"दोन घास जास्तच जातात," सून म्हणाली.

त्या दिवसापासून मी खरं बोलायला लागलो. माझ्या बोलण्याला इतकी अवकळा कधी आली नव्हती. उजवा तीन, डावा सहा. उजवा दोन, डावा पाच. बस्स. घरी आलो, सोफ्यावर पसरलो, ताई येऊन व्यायाम घ्यायच्या आणि रोज तेच रटाळ आकडे लिहून न्यायच्या. शेजारी भेटायला यायचे, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून आशेनं बसायचे आणि चहा संपवून निघून जायचे. उजवा पुढे चालायचा आणि डावा त्याच्यामागून, सासुरवाडीला निघालेल्या रुसक्या जावयासारखा. बायको खुर्ची पुढे ओढून माझी टाच तळहातावर धरायची आणि म्हणायची, "उचला." मी उचलायचो. काही दिवस तिच्या तळहातावरचा भार तसाच राहिला. मग एकदा ती म्हणाली, "आज हात रिकामा झाला की." डाव्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

पुढे पुढे मी लक्ष ठेवायचंच विसरलो. खुर्चीतून उठायचो, दार उघडायला जायचो, आणि परत आल्यावर आठवायचं की कुठला पाय आधी टाकला ते बघायचं राहिलं.

थंडी संपत आली. फ्लॅटच्या मालकांचा फोन आला, आणि लेकीनं दिवस ठरवला. ताई आल्या. दोन्ही डॉक्टर आले, त्यांना जिना बघायचा होता असं त्यांनी सांगितलं. भूलवाले आले, त्यांना कुणी बोलावलं होतं ते कळलं नाही. आमच्या खालच्या खोलीत एवढी माणसं मावत नाहीत, त्यामुळे सगळी जिन्याच्या तोंडाशी भिंतीला चिकटून उभी राहिली. ताईंनी पट्टा बांधला. मी कठड्यावर हात ठेवला. तो माझ्या हाताला ओळखत होता.

"नियम काय, काका?"

"चढताना चांगला आधी."

"कुठला चांगला?"

मी आधी उजव्यावर भार दिला. मग डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर. एकाशी बोलावं तर दुसराही ओ देत होता.

"कळत नाही," मी म्हटलं.

ताईंच्या हातातला पट्टा ताठ झाला. "काका, पुन्हा सुरू केलंत?"

थोरल्या डॉक्टरांनी मोठा सुस्कारा सोडला. सुनेनं मान खाली घातली. लेक म्हणाली, "बाबा, आज तरी नीट सांगा. आज घराचा प्रश्न आहे."

"नीटच सांगतोय. कळत नाही."

कुणाचाही विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. "खरं बोलतायत ते."

"कशावरून, आई?"

"खोटं असतं तर इतक्यात संपलं असतं का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पट्टा थोडा सैल सोडला. "मग असं करा," त्या म्हणाल्या. "नियम सोडा. माणसं चढतात तसे चढा."

मी उजवा टाकला. डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर टाकला, आणि त्याच डाव्यानं माझं सगळं अंग वर ओढलं. मांडी थरथरली, पण खोली होती दारापलीकडे. मग उजवा. मग डावा. वळणावरची पायरी बोटभर उंच निघाली. इतकी वर्षं मी ते लाकडावर ढकलत आलोय आणि आजही लाकडावरच ढकलतो. तिथे थोडा थांबलो, श्वास घेतला, खाली बघितलं. इतकी तोंडं एकदम वर करून माझ्याकडे बघतायत, असा प्रसंग माझ्यावर त्याआधी एकदाच आला होता, दीपगृहाच्या वेळी, पण ती गोष्ट वेगळी. मी पुढे निघालो.

वर पोहोचलो. खोलीत बंद घराचा वास होता. मी मागावरची चादर ओढून काढली आणि दोन्ही हातांनी मागाला धरून उभा राहिलो, थोडा दमल्यामुळे आणि थोडा उगीचच.

खाली लेक फोनवर बोलत होती. "नाही, फ्लॅट नको आता. बाबा वर गेले." मग घाईघाईनं, "अहो नाही, तसं नाही. जिन्यानं वर गेले."

सुनेनं जिन्यातून हाक मारली. "काका, उजवा माझा होता."

"ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलंय," सासरे म्हणाले. "आता ओळखता येतोय का, ते विचार."

"येतोय का हो, काका?"

"नाही," मी वरून सांगितलं.

खाली सासऱ्यांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "सुरुवातीचे आठवडे तुझे. पुढे दोन्ही सारखे."

"एवढं कबूल केलंत, पुष्कळ झालं, बाबा."

"अजून ऐक. पुढचा सडसडीत मांडीचा माणूस आला की मी तुझ्या बाजूला उभा राहतो. स्नायू कसा वर धरतेस ते दाखव मला."

ती लगेच बोलली नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाली, "आणि जाड मांडीचा आला की तुम्ही पुढे, मी बाजूला. सगळं उघडं असताना तुम्ही काय काय बघता, ते मला बघायचंय."

"आणि मी?" भूलवाले म्हणाले.

"तू भूल दे."

हसत हसत सगळी चहाच्या मागे स्वयंपाकघरात गेली. बायको मात्र वर आली. आली ती सरळ मागाशी. तिनं सूत चाचपलं, एक तुटलेला धागा जोडला, धोट्यावरची धूळ पदरानं पुसली आणि पावडीवर पाय ठेवला. मी स्टूल ओढून बसलो. बसताना दोन्ही गुडघे वाकले, सारखेच, कुरकुर न करता. धोटा एकदा इकडून तिकडे गेला आणि थांबला.

"सांगा की," ती म्हणाली.

मी आवाज खाली घेतला. "एक माणूस होता. त्याचा एक गुडघा सासऱ्यांचा होता आणि एक सुनेचा. रोज सकाळी तो माणूस झोपलेला असताना ते दोघे पलंगावरून उतरायचे, स्वयंपाकघरात जायचे, आणि टेबलाच्या दोन टोकांना बसून..."

"घाई करू नका," ती म्हणाली आणि धोटा पुन्हा सोडला. "शाल मोठी आहे."